मान हलवू नका

मी प्रोब बोलतोय. सोनोग्राफीच्या मशीनला वायरने बांधलेला, मुठीत मावेल एवढा, दिसायला दाढीच्या यंत्राचा भाऊ. मला लिहिता-वाचता येत नाही. पडद्यावर आकडे उमटतात ते मशीनचे. मला फक्त कातडीला कान लावून आतलं ऐकायचं आणि ऐकलं तसं दाखवायचं, एवढंच ठाऊक. आयुष्य त्यातच गेलं. आता दमलोय, म्हणून जरा सावकाश बोलेन. तुम्हीही सावकाश ऐका.

जन्म कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायांनी माझ्या डोक्यात बारीक बारीक स्फटिक ओळीने बसवले आणि वर रबराची टोपी चढवली. पहिली नोकरी मोठ्या इस्पितळात. तेव्हा माझा तोरा होता. डॉक्टर मला दोन बोटांत धरायचे, ठेवताना आवाज होऊ द्यायचे नाहीत. मग तिथे नवं मशीन आलं आणि आम्ही वायरीसकट एका गल्लीतल्या तळमजल्यावरच्या तपासणी केंद्रात येऊन पडलो. जुनं ते सोनं म्हणतात खरं, पण म्हणणारेही नवंच विकत घेतात.

या केंद्रात मला एकच काम लागलं. सिगारेट ओढणाऱ्यांच्या माना तपासायच्या. मानेच्या दोन्ही बाजूंनी डोक्याकडे रक्त नेणाऱ्या धमन्या असतात. धुराने त्यांच्या आतल्या भिंतीवर थर धरतो. तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं असं, की सांगून कुणी सोडत नाही, डोळ्यांनी बघितलं की सोडतील. मला ते पटलं. आपण दाखवायचं आणि माणसाने सुधारायचं, याहून चांगली चाकरी कोणती?

बघून सोडतात का? काही सोडतात, खोटं कशाला बोलू. बरेच नुसते घाबरतात. आणि भीती ही पाहुण्यासारखी असते बाबांनो, चार दिवस राहते आणि आपल्या गावाला जाते. माझा हूक खिडकीशी आहे. समोर कोपऱ्यावर सिगारेटचं दुकान. खाटेवर डोळ्यांत पाणी आणून "आता शिवणार नाही" म्हणणारा बाप्या रस्ता ओलांडतो आणि पेटवतो. तपासताना मानेला लावलेला चिकट जेल अजून वाळलेलाही नसतो. उन्हात चकाकत असतो. तेवढं बघायचं आणि पुढची मान घ्यायची.

मला हातात धरणारी ताई फार शहाणी. प्रत्येकाला ती पहिलं वाक्य तेच सांगते, "मान हलवू नका." चित्र हलू नये म्हणून सांगते, पण मला त्यात आणखी एक गोम दिसते. माणसाला मान डोलवायची फार सवय. डॉक्टर बोलले, डोलवली. बायको बोलली, डोलवली. मान फुकट हलते. म्हणून ताई मला मानेवर टेकवूनच विचारते, "सोडणार का?" मान हलवायची बंदी, मग तोंड उघडावं लागतं. शब्दाला जरा तरी जोर लागतो.

एकदा एक सलूनवाला आला. बायकोने जवळजवळ ओढतच आणला होता.

"काका, मान हलवू नका," ताई म्हणाली.

"घ्या. हे वाक्य मी उभ्या जन्मात लोकांना ऐकवलं. आज मला ऐकवणारं कुणीतरी भेटलं."

"तिच्या हातात वस्तरा नाहीये ना, म्हणून जीभ चालतेय," बायको खुर्चीवरून म्हणाली.

त्याच्या कॉलरीला साबणाचा आणि धुराचा मिळून वास होता. मी दोन्ही बाजूंनी ऐकलं. रक्त मोकळं चाललं होतं, हुश्श, हुश्श.

ताई म्हणाली, "इथे थर दिसत नाही, काका. पण मी नुसती मान बघितलीय. छाती बघितलेली नाही, हृदय बघितलेलं नाही. सोडायला हीच वेळ चांगली."

पहिलं वाक्य त्याने ऐकलं. बाकीची त्याने खांद्यावरचे केस झाडावेत तशी झाडून टाकली. "बघितलंस? साफ!" तो बायकोला म्हणाला. "उगाच माझ्या जिवाला खात होतीस." चित्राचा कागद मागून घेतला आणि दुकानाच्या आरशावर चिकटवला.

हे मला कसं कळलं? त्याची गिऱ्हाइकं माझ्याकडे येऊ लागली ना. "सलूनवाल्याचं साफ निघालं, माझंही निघेल," म्हणत खाटेवर आडवी व्हायची. एक जण तर सोडायच्या बेतात होता, तो कागद बघून पुन्हा पाकीट घ्यायला लागला. मी खोटं काही दाखवलं नव्हतं. तरी माझ्या चित्राने चार घरांत धूर वाढवला. खरं दाखवूनही असं होतं, हे तेव्हा कळलं आणि तेव्हापासूनच मी थकलो असेन.

काही वर्षं गेली. एका सकाळी तोच सलूनवाला पुन्हा आला. या वेळी मुकाट्याने. बोलली ती बायको.

"हातातून वस्तरा पडला, ताई. गिऱ्हाइकाच्या मांडीवर. उजवा हात घटकाभर आपला राहिलाच नाही म्हणे. आणि मला हे सांगितलं कुणी? गिऱ्हाइकाने."

"घाम होता हाताला," तो पुटपुटला.

"घाम काय एकाच हाताला येतो होय?"

ताईने मला डाव्या बाजूला टेकवलं. मी ऐकलं आणि मलाच कसंतरी झालं. हुश्श नव्हतं. दाराच्या फटीतून वारा शीळ घालतो तसा आवाज. पडद्यावर धमनीच्या आत एक जाड फुगवटा, आणि त्याला वळसा घालून जीव मुठीत धरून चाललेलं रक्त.

"हे काय?" त्याने विचारलं.

"थर आहे, काका. त्यानेच हात गेला होता तेवढ्यापुरता. पुढच्या वेळी हात परत येईलच असं नाही. आज लगेच डॉक्टरांना भेटायचं. आणि सिगारेट..."

"आरशावर तर रोज साफ दिसत होतं."

मग ताईने नेहमीचं विचारलं, "सोडणार का?"

मान हलायला लागली होती. "हलवू नका," ताई म्हणाली. माझ्याखाली मान पुन्हा स्थिर झाली.

"सोडतो म्हणून इथे किती जण सांगतात?"

"सगळेच."

"मग मी नाही सांगत. तो कागद मात्र आज काढतो. तेवढं नक्की."

एवढी बोलकी बायको, पण तिने नुसता त्याचा उजवा हात धरला.

त्याला मोठ्या इस्पितळात नेलं, गोळ्या सुरू झाल्या, हे ताईच्या बोलण्यातून कळत राहिलं. दरम्यान माझंही वय झालं. डोक्यातले काही स्फटिक मेले, पडद्यावर काळ्या रेघा येतात. वायर दोनदा चिकटपट्टीने बांधली. नव्या प्रोबचं खोकं परवाच येऊन पडलंय. ताईने ते अजून उघडलेलं नाही. "आजचा दिवस याच्यावरच काढू," म्हणाली.

आणि आज तो आला. कॉलरीला नुसता साबणाचा वास.

"कमी झालं का?" त्याने विचारलं.

"कमी नाही झालं, काका. पण वाढलेलंही नाही."

"मग एवढं तोंड बांधून काय मिळवलं?" बायको पडल्या चेहऱ्याने म्हणाली.

तो छताकडे बघत म्हणाला, "वाढलं नाही ते चांगलं, हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय. आमच्या धंद्यात वाढलं नाही तर चूल पेटत नाही."

ताई हसली. बायकोही हसली, पदराने डोळे पुसत.

माझं सांगणं थोडकंच आहे. चित्र वाईट आलं तर चार दिवस घाबरून पाचव्या दिवशी विसरू नका. चांगलं आलं तर हुरळू नका. मी मानेपुरता साक्षीदार आहे, सगळ्या देहाचा जामीन नाही. आणि कुणी कळवळून विचारलं, तर मान डोलवू नका. तोंडाने काय ते बोला.

ताईने मला पुसून हुकाला अडकवलंय. उद्या इथे नवा असेल. खिडकीतून सलूनवाला दिसतोय. रस्ता ओलांडून तो कोपऱ्यावरच्या दुकानाशी आला. थांबला. मीही थांबलो. त्याने खिशात हात घातला, रुमाल काढला, मानेवरचा जेल नीट पुसला आणि बायकोच्या मागोमाग चालू लागला.