आत काय आहे ते सांगा

किल्लीवाल्याचा एक नियम होता. कुणी येऊन म्हणालं, "किल्ली हरवली, कपाट उघडून द्या," की हत्यारांच्या पेटीला हात लावण्याआधी तो विचारायचा, "आत काय आहे ते सांगा."

लोक चिडायचे. "कपाट माझं, तुम्हाला काय करायचंय?"

"कुलूप मुकं असतं, बाई. मालक कोण ते काही बोलत नाही. तुम्हालाच बोलावं लागतं."

मग ती बाई सांगायची, वरच्या फळीवर राखाडी शाल, तिच्याखाली मुलाची प्रमाणपत्रं, कोपऱ्यात औषधाची रिकामी बाटली. तो कुलूप उघडायचा, शाल बघायचा, बाटली बघायचा आणि मगच मजुरी घ्यायचा. एकदा एक जावई सासऱ्याची पेटी घेऊन आला. आत काय, विचारल्यावर म्हणाला, "महत्त्वाचं सामान."

"महत्त्वाचं आहे ते तुमच्या तोंडावरच दिसतंय. सासऱ्यांना घेऊन या."

हे ऐकून शेजारच्या दुकानातला न्हावी इतका हसला, की खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची एका बाजूची मिशी जरा जास्तच उडाली.

तर असा हा माणूस. कुणाच्या बोलण्याला सहजी भुलणारा नव्हता. पण त्याचं दुकान भाड्याचं होतं. मालकाने गाळा विकायला काढला आणि "आधी तुला विचारतो" म्हणाला, तेव्हा साठवलेले पैसे पुरे पडेनात. त्याच सुमाराला एका गुंतवणूक कंपनीचा ईमेल आला. त्याने थोडे पैसे भरून पाहिले. मोबाइलच्या पडद्यावर आकडा रोज वाढत होता, उतू जाणाऱ्या दुधासारखा. मग त्याने सगळेच भरले. काढायला गेला, तर आधी कर भरा म्हणाले. कर भरला, तर उत्तरंच बंद झाली. "साहेब, दया करा, गाळ्याचा सौदा तुटेल," असं त्याने त्यांना कितीदा लिहिलं. भिंतीशी बोलल्यासारखं.

चौकीतल्या शिपायाने तक्रार दोन बोटांनी टाइप केली आणि म्हणाला, "काका, अक्कलखाती जमा करा आता."

बायको दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. तिने सगळं ऐकून घेतलं. दोन दिवस ती फक्त कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवत म्हणाली, "गेलं ते गेलं. मशीन आहे ना अजून? मग जगू."

ते किल्ली कापायचं मशीन तिचंच म्हणायला हवं. लग्नानंतर तो हाताने, कानशीने घासून किल्ल्या करायचा. तिने आपल्या पगारातून पै-पै साठवून ते आणलं होतं. तो आजारी पडला, की तीच दुकानात बसून किल्ल्या कापायची. आता त्याची नजर अधू झाली होती. कानशीने केलेली किल्ली चारदा अडकायची. मशीन होतं म्हणून दुकान होतं.

गाळा दुसऱ्याने घेतला. नव्या मालकाने भाडं वाढवलं, पण राहू दिलं. संसाराचं गाडं पुन्हा कसंबसं रांगेला लागत होतं.

आणि दुसरा ईमेल आला. बुडालेले पैसे परत मिळवून देणारी ही कचेरी होती. भाषा मोठी आदबशीर. किल्लीवाला काही लगेच विरघळला नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्याने आपल्या नियमाप्रमाणे लिहिलं, "माझं काय गेलं, ते आधी तुम्ही सांगा."

उत्तर तासाभरात आलं. रक्कम, शेवटच्या रुपयापर्यंत. पैसे कुठल्या दिवशी भरले ते. कर म्हणून किती घेतला तेही. आणि खाली एक ओळ होती, "काळजी नसावी. तुमच्या गाळ्याचं स्वप्न पुरं होईल."

त्याचे डोळे भरून आले. गाळ्याचं तर त्याने चौकीतही सांगितलं नव्हतं.

"किल्लीशेठ, चोरावर मोर असतात," न्हावी म्हणाला. "परत देणारा आधी पैसे कशाला मागेल?"

"अरे, खटल्याचा खर्च असतो. आणि त्यांना सगळं माहितीय. शालसुद्धा माहितीय आणि बाटलीसुद्धा!"

"कसली शाल?"

"तुला नाही कळायचं. तू केस काप."

न्हाव्याने हात जोडले. "कापतो बाबा. तुझा खिसा दुसऱ्यांनी कापला तरी मी आपले केसच कापतो."

खर्चाला पैसे नव्हते. त्याने मशीन विकलं. बायकोला सांगितलं, दुरुस्तीला दिलंय. पैसे आले की तेच परत विकत आणायचं, तिला कळायच्या आत, असा त्याचा बेत होता. घेणाऱ्यालाही तसं बजावून ठेवलं होतं. पैसे पाठवले. कचेरीने आणखी एक शुल्क मागितलं. त्याने हातउसने करून तेही भरलं. मग तिकडून उत्तर येईना. "मशीन विकून भरलेत, साहेब," असंही त्याने लिहून पाहिलं. साहेब रजेवर असतील, असं तो मनाशी म्हणत राहिला.

अशात एका दुपारी एक म्हातारी गिऱ्हाईक आली. तिच्या घरी चोरी झाली होती.

"मुलगा म्हणतो, कुलूप बदलून घे. मी म्हणते, कशाला? कपाट तर पुसून नेलं मेल्यांनी. आता काय राहिलंय?"

हे त्याने गिऱ्हाइकांना हजारदा समजावलेलं होतं. तो एखाद्या पोराला पाढे शिकवावेत तसा सांगू लागला, "आजी, असं करू नका. ज्या घरात चोरी होते तिथे चोर पुन्हा येतो. दार कसं उघडतं ते त्याला कळलेलं असतं. आणि आत काय होतं हे मालकाइतकंच त्यालाही..."

तो थांबला.

"त्यालाही काय?" म्हातारीने विचारलं.

त्याने ड्रॉवरमधून नवं कुलूप काढून तिच्या हातात ठेवलं. पैसे मागायचे राहिले. म्हातारीनेच ते मोजून टेबलावर ठेवले, जिथे मशीनच्या चार पायांचे खड्डे उमटलेले होते.

संध्याकाळी बायको कामावरून थेट दुकानात आली. तिने त्या खड्ड्यांवरून हात फिरवला. इस्त्रीने रापलेला हात.

"दुरुस्तीवाला भेटला मला," ती म्हणाली. "म्हणाला, वहिनी, माझ्याकडे नाही आलं मशीन."

त्याने कानस उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"विकलंत?"

"हो."

"त्याच मेल्यांना दिलेत पैसे?"

"ते वेगळे आहेत असं वाटलं गं. त्यांना गाळ्याचंसुद्धा ठाऊक होतं."

"गाळ्याचं कुणाला सांगितलं होतंत तुम्ही?"

"तुला." त्याने खाली बघितलं. "आणि त्या पहिल्या कंपनीला."

ती स्टुलावर बसली. रडली असती तर बरं झालं असतं. टेबलावरचा मोबाइल थरथरला. तिनेच उचलला आणि सावकाश वाचला. तिसरी कुठलीशी संस्था होती. आपण दोनदा फसवले गेला आहात, हे आम्हाला ठाऊक आहे. आपलं मशीनही आम्ही परत मिळवून देऊ.

"लिहून टाका त्यांना," ती मोबाइल त्याच्यापुढे सरकवत म्हणाली, "आता आत काही नाही."

त्याने मोबाइल घेतला. ईमेल पुसायला बोट नेलं. 'मशीनही' या शब्दाशी ते अडखळलं. तिने ते पाहिलं. त्याने ईमेल पुसला नाही, हेही तिने पाहिलं.

घरच्या कपाटाची किल्ली लग्नापासून दारामागच्या खिळ्याला असायची. घरी आल्यावर बायकोने ती काढली. कपाट उघडून ती बराच वेळ आतलं सामान हलवत राहिली. काय कुठे ठेवलं, ते तिच्या पाठीआड दिसत नव्हतं. मग तिने कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली.

ते कुलूप त्याला डोळे मिटून उघडता आलं असतं. हे तिलाही माहीत होतं. तरी तिने लावलं.

तो खाटेच्या कडेला बसून कपाटाच्या बंद दाराकडे बघत राहिला. आत काय आहे, असं त्याला आता कुणी विचारलं असतं, तर सांगता आलं नसतं.