दुसरी डिस्क

धाकटीने डेटाबेस बंद केला आणि खुर्ची मागे सरकवली.

"फायलींची प्रत नव्या सर्व्हरवर जाईपर्यंत कुणी नोंद करू नका हं. ताई, काही राहिलंय का गं?"

"तूच बघ. मोठ्या कंपनीतली तू."

रक्तपेढीचा हा डेटाबेस थोरलीने बारा वर्षांपूर्वी एकटीने उभा केला होता. तो नव्या सर्व्हरवर हलवायची वेळ आली तेव्हा पेढीच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी बोलावलं मात्र तिच्या बहिणीला. वर थोरलीलाच ऐकवलं, "तुमची धाकटी फार हुशार हो!" घरी आईचंही रोज हेच पालुपद. थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि ते दुखणं काही आजचं नव्हतं.

एक गोष्ट फक्त थोरलीला ठाऊक होती. तीन वर्षांपूर्वी जागा संपली तेव्हा दुर्मिळ गटाच्या रक्तदात्यांचे तपासणी-अहवाल तिने त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या डिस्कवर हलवले होते. कुठे लिहून ठेवलं नव्हतं. ते मागे राहिले तरी डेटाबेस नव्या जागी सुरू झाला असता, नावंही दिसली असती. बोंब झाली असती ती कुणी अहवाल उघडल्यावर. आणि जुना सर्व्हर तर चार वाजता पुसून परत जायचा होता.

होऊ दे बोंब, एकदा तरी होऊ दे. अहवालांची एक प्रत तिने कालच पेनड्राइव्हवर घेऊन पर्समध्ये टाकली होती. सगळ्यांची पळापळ झाली की ती शांतपणे काढून द्यायची, एवढाच तिचा बेत होता.

"ताई, नक्की काही नाही ना?" धाकटीने पुन्हा विचारलं. मग प्रत होत आली तेव्हा आणखी एकदा. थोरलीने तोंडात मिठाची गुळणी धरली आणि चष्मा पुसत बसली.

पावणेचारला नवा सर्व्हर सुरू झाला. डॉक्टरीणबाईंनी एका दुर्मिळ गटाच्या दात्याचं नाव शोधलं, अहवालावर क्लिक केलं. थोरलीने पर्स मांडीवर ओढली.

अहवाल उघडला.

"वा! सगळं जागच्या जागी!"

"ताईने दुसऱ्या डिस्कची आठवण करून दिली म्हणून," धाकटी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "नाहीतर राहिलंच असतं."

"थोरली ती थोरलीच!" थोरलीच्या खांद्यावर थोपटून डॉक्टरीणबाई निघून गेल्या.

"कधी कळलं तुला?" थोरलीने विचारलं.

"सकाळीच. आल्या आल्या."

"मग मला कशाला विचारत होतीस?"

धाकटी वायर गुंडाळू लागली. "वाटलं, सांगशील."

आवाजात राग नव्हता. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढं मोठं मनही हिलाच मिळावं, म्हणून थोरली आणखीच जळली.

"आईला फोन लावतेय," धाकटी म्हणाली. "सांगू, आज तुझं कौतुक झालं ते?"

थोरलीने नको म्हणायला तोंड उघडलं.

"सांग," ती म्हणाली.