हळू आवाजाची चाळीस काडतुसं

आमच्या ह्यांना, म्हणजे दयानंदना, कोणी साधा चहा दिला तरी ते आधी कपाचा काठ बघतात. भुसावळजवळच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. आता मस्कतमध्ये एका कंपनीत व्हॉल्व्ह तपासतात आणि अल अमेरातच्या घरी माझ्या पोळ्या.

शुक्रवारी मात्र आम्ही दोन तासांवरच्या इब्रा गावाला जातो. ह्यांच्या ऑफिसातल्या यूनुसची तिथे गावाबाहेर जमीन आहे आणि त्या जमिनीवर नेमबाजीचा छोटासा क्लब. परवाने वगैरे सगळं रीतसर. दहाबारा माणसं कागदी चकत्यांवर नेम धरतात आणि काडतुसं तिथेच हातानं भरतात. ह्यांना सगळे 'उस्ताद' म्हणतात. कारखान्यात ह्यांच्याशेजारी डबा खायला कोणी बसत नसे. ज्याचा माल हे दुपारी नापास करणार, तो कशाला बसेल? म्हणून माझा शुक्रवार गेला तरी मला तो क्लब आवडतो.

पण त्या जमिनीत यूनुसच्या आत्याचा, नसीबाचा, निम्मा हिस्सा आहे आणि टेकाडापलीकडे तिचा शेळ्यांचा गोठा. गोळी सुटली की असा कडकडाट होतो की शेळ्या बिथरतात आणि दूध चोरतात. तीन वर्षं यूनुस तिला सांगत होता, "इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यापासून आवाज कमी." शेवटी बाई चिडल्या. चौथ्या शुक्रवारपर्यंत कमी आवाज करून दाखवा, नाहीतर खलास, रेंज बंद.

यूनुसनं हात जोडले ते ह्यांच्यापुढे.

"अगं, बंदुकीचे आवाज दोन," हे मला गाडीत समजावत होते. "एक दारूचा, तो धप्प. दुसरा, गोळी आवाजाच्याही पुढे पळते ना, त्याचा. तो चाबकासारखा. गोळी सावकाश पाठवली की चाबूक बंद."

"मग पाठवा की सावकाश."

"प्रत्येक गोळी तितकीच सावकाश गेली पाहिजे, वैशाली. तिथेच तर खरी गंमत आहे."

त्या गमतीत ह्यांचे तीन शुक्रवार गेले. प्रत्येक काडतुसाची दारू तीनतीनदा तोलायची, वही भरायची आणि मध्ये कोणी शिंकलं तर पहिल्यापासून. एवढ्या खटाटोपात चाळीस काडतुसं तयार झाली.

परीक्षेच्या सकाळी मी नसीबाकडे गोठ्यात बसले. तिला साक्षीदार हवा होता, म्हणून मी नोंदीला वही घेऊन. कहवा झाला, खजूर झाले, सुनांचं गाऱ्हाणं झालं. ती एका गाभण शेळीच्या कानांवर हात ठेवून तयार बसली होती. पलीकडे कोणीतरी गालिचा झटकत होतं तेवढंच. मध्ये तीनदा कुठेतरी फटकन दार आपटलं. एकदा एका शेळीनं मान वर केली आणि पुन्हा खायला लागली.

दोन तास गेले. नसीबाचे हात दुखायला लागले.

"कब शुरू करेगा तुम्हारा आदमी? मैं सुबह से बैठी है!"

तेवढ्यात टेकाडावरून हे आले, मागून यूनुस. ह्यांचा चेहरा पडलेला.

"संपली," हे म्हणाले.

"काय संपलं?"

"काडतुसं. पस्तीस झाडली."

मी आणि नसीबा एकमेकींकडे बघत राहिलो. तो गालिचा! आणि ते दार!

झालं होतं असं, की हे पडले कारखान्याचे. तिथे दहा हजारांतून नमुना काढून झाडतात. नमुन्यात एक जरी वाईट निघालं तर दुप्पट झाडायची. ह्यांनी नसीबाला हाक मारायच्या आधी चाळिसांतली पाच तपासली. वेग मोजायच्या यंत्रावर एक जलद निघालं. मग दहा. त्यात एक जलद. मग वीस, त्यातही एक. आता नियमानं चाळीस झाडायला हवी होती आणि हातात उरली होती पाच. तोवर दाखवायचं कोणाला, हे साहेब साफ विसरले होते.

नसीबा शेळीचे कान सोडून उठली. तिनं माझ्या हातातली वही घेतली, कोरं पान काढलं आणि ह्यांच्यापुढे धरलं. "लिखो. आवाज नहीं होगा. साइन करो. रेंज चालू."

यूनुसचा चेहरा उजळला. त्यानं पेनही काढून दिलं.

ह्यांनी पेन घेतलं नाही. "अम्मा, साइन नहीं होगा. पैंतीस में तीन खराब. यह माल फेल है."

"उस्ताद, यल्ला, चलो, प्लीज!" यूनुस रडवेला झाला. मीही मराठीत दटावलं, "अहो, करा ना सही. तिला चालतंय तर तुमचं काय जातं?"

"माझी सही जाते," हे म्हणाले. आवाज बारीक झाला होता. मला कळत होतं, रेंज गेली तर ह्यांचं काय जाणार आहे ते. त्यांनाही कळत होतं.

नसीबानं यूनुसकडे बोट केलं. "यह तीन साल मेरे को इन्शाल्ला बोला." मग बोट ह्यांच्याकडे वळलं. "यह पहला आदमी, अपना माल खुद खराब बोला." तिनं वही मिटून माझ्या मांडीवर टाकली. "रेंज चालू. कागज नहीं मंगता. लेकिन गोली सिर्फ यह भरेगा."

यूनुसनं ह्यांना अशी मिठी मारली की चष्मा वाकडा झाला. मग नसीबानं सगळ्यांना जेवायला बसवलं आणि ह्यांना आपल्या मुलांच्या मधोमध. एका ताटात सहा हात. मी बायकांच्या बाजूनं बघत होते आणि मला सरळ रडू आलं. अख्खा माल नापास करून हे पहिल्यांदाच कोणाच्या तरी शेजारी बसून जेवत होते.