परगावचा बैल

त्या साली कापसानं अमरावतीला वेड लावलं होतं. विलायतेला कापूस हवा झाला आणि साऱ्या वऱ्हाडाच्या बंड्या परकोटाशी येऊन थडकल्या. ऊर फुटेस्तोवर हाकलेले बैल रस्त्यातच मरून पडू लागले. त्यांच्या मागून कोल्हे आले, गिधाडं आली, शेवटी तरसंही आली. रानातली जनावरं गावात बिऱ्हाड करून राहिली, पण कोणाला त्याचं काही वाटलं नाही. अंगणात कापसाच्या गंज्या लागल्या की झालं!

गोदाबाईच्या दारासमोर चांदूर बाजारच्या एका गाडीवानाचा बैल पडला. गाडीवानानं दुसरा बैल भाड्यानं आणून जुंपला आणि तो चालता झाला. त्याला आता चार दिवस झाले होते. बैलाचं पोट फुगून फुटलं होतं. पाणी, भाकरी, अंथरूण, सगळ्याला तोच वास. आणि घरात गोदाबाईची लेक सुभद्रा पाच दिवसांची बाळंतीण. तिच्या खोलीला दार म्हणून नुसता बांबूचा तट्ट्या.

बैल उचलायचा कोणी, यावरच सगळं अडलं होतं. मेलेलं ढोर ओढायचं काम आणि त्याचं कातडं, ढोर ज्या गावचं त्या गावच्या महाराचं. इथल्या नत्थुजी महारानं मागल्या महिन्यात असाच एक परगावचा बैल ओढला, तर याच गल्लीतल्या लोकांनी त्याच्यावर कातड्याच्या चोरीचा आळ घेतला आणि त्याला दिवसभर उन्हात उभं केलं.

"आता मी हात नाही लावत, बाई," तो गोदाबाईला म्हणाला. "चांदूरचा मानूस येऊ द्या."

त्याचं काय चुकलं? गोदाबाई परतली आणि गल्लीचे पुढारी पंजाबराव यांच्या ओट्याशी गेली.

"निरोप धाडला हाये," पंजाबराव नाकावरचं उपरणं न काढता म्हणाले. "आठ दिस कळ काढा."

"अन् तवरक तरसानं माह्या नातवाले नेलं तं?"

"दारात दिवा ठेवत जा."

त्याच दिवशी दिवेलागणीला तरस आलं. रोज ते बैलावर ताव मारून जायचं. आज त्यानं मान वर केली, हुंगलं आणि बाळंतिणीच्या खोलीकडे वळलं. तट्ट्याखालून त्याचं चिकट, घाणेरडं मुसकट आत शिरलं, बाळाच्या बाजेपासून हातभर अंतरावर. सुभद्रा किंचाळली. गोदाबाईनं चुलीतलं जळतं लाकूड ओढून त्या मुसकटावर हाणलं. तरस केकाटत मागे सरलं आणि बैलापाशी जाऊन पुन्हा खायला लागलं. समोरच्या ओट्यावर पंजाबराव पान चघळत हे सगळं बघत बसले होते. गोदाबाईला तरसापेक्षा त्या हलणाऱ्या जबड्याची जास्त किळस आली.

उजाडताच तिनं दोर घेतला आणि बैलाच्या शिंगांना बांधला. नत्थुजी धावत आला.

"बाई, नोका करू! लोक वाळीत टाकतीन तुमाले."

"टाकू दे. तू दूर राय, न्हाई तं पुन्हा तुह्यावरच आळ घेतीन."

अर्धाअधिक बैल जनावरांनीच संपवला होता. उरलेला एका म्हातारीला ओढावा लागला. दहा पावलं ओढायचं, थांबायचं, ओकायचं, पुन्हा ओढायचं. अळ्या तिच्या पायांवर सांडत होत्या. सगळी गल्ली दारांतून बघत होती. चार दिवस कुजक्या मढ्याशेजारी सुखानं जेवलेले लोक आता ओकाऱ्या काढत होते, आणि त्याही तिला बघून! परकोटाबाहेरच्या नाल्यात बैल लोटून ती तिथंच खाली बसली.

शेण, राख, माती लावून ती नाल्याच्या वरच्या अंगाला तीनदा न्हाली. ती घरी परतताना पंजाबरावांनी लांबूनच सांगितलं, "विहिरीवर यायचं नाही. पुढचं पंच ठरवतीन." तिनं मान वळवूनही पाहिलं नाही. तिला फक्त पोराला बघायचं होतं.

सुभद्रा दारातच उभी होती. बाळ छातीशी घट्ट धरलेलं.

"आई, तिथंच थांब," ती म्हणाली. "बारश्याले सासरचे येतीन. त्याइले समजलं तं मले नेणार नाहीत. पोराले शिवू नको."

गोदाबाईनं आपले ओले हात नाकाशी नेले. वास गेला होता. सुभद्रानं मात्र नाकाला पदर लावला होता.