सज्जन तीळ

आमच्या ह्यांच्या डाव्या हातावर, कोपराच्या जरा खाली, एक तीळ आहे. हे त्वचेचे डॉक्टर, मी त्यांच्याच दवाखान्यात कातडीचे फोटो काढते. तीळ कॅन्सरचा तर नाही ना, म्हणून घाबरलेला पेशंट आला की हे बाही सरसावून म्हणायचे, "बघा, सज्जन तीळ असा असतो." लग्नानंतर मलासुद्धा चारचौघांत इतक्या कौतुकाने कधी दाखवलं नसेल.

त्या दिवशी नवं यंत्र पहिल्यांदाच सुरू केलं. कापायचं नाही, टोचायचं नाही. नुसत्या उजेडाने कातडीच्या आतले थर पडद्यावर दिसतात. पहिला पेशंट एक ट्रक ड्रायव्हर, पाठीवर तीळ. कापायचं नाव काढलं की गडी पळून जायचा. त्याला धीर यावा म्हणून ह्यांनी आधी आपला हात यंत्राखाली धरला. तुलनेला चांगला तीळही होईल, म्हणाले. मग मी ड्रायव्हरचा फोटो घेतला. तो पलीकडच्या खोलीत शर्ट घालायला गेला आणि हे हात धुवायला.

पडद्यावर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी उमटली. एकात पेशी शहाण्यासारख्या जागच्या जागी होत्या. दुसऱ्यात नुसता गोंधळ. मोठ्या, चकाकणाऱ्या पेशी वरच्या थरात चढून बसलेल्या, जिथे त्यांचं काही काम नाही. मी खालचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. स्टुलावर बसल्या बसल्या दोन्ही नावं पडद्यावर बोट ठेवून ताडून पाहिली. आपलंच काहीतरी चुकलं असेल, मशीन नवं आहे, असं मी मनाला सांगत होते. पण चुकलं काहीच नव्हतं.

हे टॉवेलला हात पुसत आले आणि वाकून बघू लागले. नाव वाचायची त्यांना गरजच वाटली नाही.

"हा माझा," शहाण्या चित्रावर बोट ठेवून ते म्हणाले. मग दुसऱ्याकडे वळले आणि आवाज खाली आणला. "ड्रायव्हरचं काही खरं दिसत नाही. आजच काढून तपासायला पाठवू. त्याला एकट्याला सांगू नकोस, घरच्यांना बोलावून घे."

"अहो, उलटं आहे," मी म्हणाले.

त्यांनी नाव वाचलं. उजवा हात नकळत डाव्या हातावर गेला आणि तीळ झाकून बसला.

मी उठून त्यांच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.

"बसा," मी म्हणाले. "घरची मी इथेच आहे."