राठ सशांची पेटी

मित्रांनो, मला पाहिलेत तर तुम्ही म्हणाल, हे जुनाट खोके अजून कोणी भंगारात कसे दिले नाही? तुमचे चुकत नाही. माझी एक कड कुरतडलेली आहे आणि बिजागऱ्या गंजल्या आहेत. पण मी एक जुनी देवदारी पेटी आहे आणि माझ्या पोटात दोन जीव वाढले आहेत.

शनिवार पेठेतल्या गेनबा सुताराने मला घडवले. द्वारकाबाईंच्या सासूबाईंनी मला गौरींचे मुखवटे ठेवायला घेतले. तीन दिवस मुखवटे मखरात, बाकी वर्षभर धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळून माझ्याजवळ. पुढे बिऱ्हाड खडकीला गेले, पोलादी कपाट आले, मुखवटे तिकडे गेले. मी गॅलरीत कांदे सांभाळत बसले.

द्वारकाबाई जवळच्याच एका केंद्रात सशांची देखभाल करत. हे ससे बाजारात दिसतात तसे पांढरेशुभ्र नव्हेत. काळपट, आखूड कानांचे, राठ केसांचे. हिमालयाच्या पायथ्याशी उंच गवतात राहतात. ते गवत जळत गेले, तिथे शेते झाली, आणि हे ससे फार थोडे उरले. म्हणून इथे त्यांच्या काही जोड्या जपल्या होत्या. त्यांना नावे नव्हती, आकडे होते.

सात नंबरची मादी प्लॅस्टिकच्या नव्या खोक्यात काही केल्या शिरेना, तेव्हा द्वारकाबाईंना माझी आठवण झाली. त्यांनी मला कढत पाण्याने धुतले, आठवडाभर उन्हात ठेवले आणि पुढच्या फळीला गोल दार पाडून घेतले. मला गवतात ठेवले. सातवी आली, हुंगून गेली, पुन्हा आली. मग पोटाचे केस उपटून तिने माझ्यात अंथरूण केले. त्यावर दोन पिले झाली. मुठीएवढी, डोळे मिटलेली.

तिसऱ्या दिवशी केंद्रातल्या प्राण्यांच्या डॉक्टर नम्रता गवताच्या कडेशी उकिडव्या बसल्या.

"मावशी, सकाळपासून तीनदा येऊन गेले. ती तिकडे कोपऱ्यात गवत चघळतेय. पिलांकडे ढुंकून बघत नाही."

"तुम्ही तीनदा येता, म्हणून ती येत नाही, मॅडम. पाहुण्यांसमोर कुठली बाई पाजायला बसते?"

"थट्टा नको. गेल्या वर्षीची तिन्ही पिलं माझ्या हातात गेली. ड्रॉपरने दूध पाजत होते मी. उचलायला उशीर केला आपण."

"उशीर नव्हता झाला," द्वारकाबाई म्हणाल्या. "घाई झाली होती."

नम्रताताई उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी आठपर्यंत थांबते. आई आल्याची एक तरी खूण दाखवा. नाहीतर पिलं उचलणार."

मला सगळे ठाऊक होते. माणसे घरी गेली की सातवी रोज येत होती. चार-पाच मिनिटे पाजायची आणि निघून जायची. आपण जवळ बसलो तर वासावर शत्रू येईल, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. पण पेटीला सांगता कुठे येते?

द्वारकाबाईंनी सातवीची पावले उमटवून घ्यायचे ठरवले. तांदळाची पिठी टाकावी तर मुंग्या लागतील आणि पिलांना चावतील. म्हणून फाटकासमोर रोज काढायची रांगोळी आणली आणि माझ्या दाराशी पातळ चाळून ठेवली.

संध्याकाळी सातवी आली. रांगोळीपाशी थबकली. नाक हलले, एक पाऊल पुढे पडले, आणि ती वळून गवतात निघून गेली.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मी इतकी कधी घाबरले नव्हते. पिले एकमेकांच्या कुशीत शिरून दूध शोधत राहिली. मी फक्त ऊब धरून ठेवली. आणि तांबडे फुटता फुटता सातवी पुन्हा आली. या वेळी थांबली नाही, सरळ आत शिरली.

आठाला दोघी आल्या. रांगोळीत आत जाणारी पावले होती, बाहेर येणारीही होती. "आली की हो," नम्रताताई हळूच म्हणाल्या. द्वारकाबाई हसल्या नाहीत. कडेला उमटलेल्या एकाच पावलाकडे त्यांनी बोट दाखवले.

"हे बघा. आधी आली आणि परत फिरली. माझ्या रांगोळीमुळे. मीही घाईच केली, मॅडम."

"मग आता काय करायचं?"

"काही नाही करायचं. तेच अवघड आहे."

त्यांनी रांगोळी ओल्या फडक्याने पुसून घेतली. त्यानंतर तीन आठवडे माझ्या झाकणाला कोणी हात लावला नाही. एका सकाळी दोन्ही पिले आपल्या पायांनी बाहेर आली आणि गवत खाऊ लागली. केंद्रात जगलेली ती पहिली पिले. जाता जाता माझी कड कुरतडून गेली. ती खूण मला दागिन्यासारखी वाटते.

मित्रांनो, जिवापाड जपायचे असेल तेव्हा हात पुढे करावासा वाटतो. कधी तो मागे घ्यावा लागतो. घरट्यात वाकून बघू नका, पिलू एकटे दिसले म्हणून लगेच उचलू नका. त्याची आई तुम्ही जायची वाट पाहत असेल.

सध्या माझ्यात अकरा नंबरच्या मादीची पिले आहेत. दुपारी चहा आला की द्वारकाबाई आणि नम्रताताई पायरीवर बसतात. दोघींचे कान इकडेच असतात. पण बसतात त्या माझ्याकडे पाठ करून.