एकाच दिशेची नळी

मी नळी बोलतेय. रबराची, दोन हात लांब. विमानाच्या पुढच्या आसनात माझं नरसाळ्यासारखं तोंड, आणि मागच्या आसनात माझी दोन टोकं, शिकणाऱ्या पोराच्या चामडी टोपीत, दोन्ही कानांवर. पुढे बसलेला साहेब बोलणार, मागचा पोर ऐकणार. उलट बोलायची सोय माझ्यात ठेवलीच नव्हती. घडवणाऱ्याला वाटलं असेल, शिकणाऱ्याला बोलायचं काय काम!

तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या वैमानिक शाळेत मी आले, तेव्हा मोठं युद्ध संपून बरीच वर्षं झाली होती आणि पुढच्याची तयारी चालली होती. माझा धनी कॅप्टन नुसरेत. त्याला हळू बोलता येत नसे. "अरे गाढवा, विमान आहे हे, बापाची बैलगाडी नव्हे," हे इतक्यांदा माझ्यातून गेलं की मी आतून गुळगुळीत झाले. पोरं खाली उतरली की म्हणायची, कानातली धूळ निघते, नुसरेत साहेब निघत नाहीत.

त्या पोरांतला रेमझी तर खरोखरच सिवासकडच्या एका गाडीवानाचा पोर. हात चांगला, पण जमीन जवळ आली की साहेबाच्या हाताची वाट बघायचा. पुढे-मागे दोघांकडे विमान वर-खाली करायचा, वळवायचा एकेक दांडा असतो, आतून जोडलेला. साहेबाने आपला धरला की पोराला ते जाणवतं. शेवटच्या उड्डाणात तो नापास झाला असता तर त्याला पायदळात धाडणार होते.

नुसरेतची एक रीत होती. पोरावर भरवसा बसला की त्याला वर न्यायचं, आपला दांडा खोबणीतून उपसायचा, त्याला दिसेल असा उंच धरायचा आणि खाली शेतात भिरकावून द्यायचा. मग पोराला कुणाच्या हाताची वाट बघताच येत नसे. दांडा शोधून आणताना हुर्शित मिस्त्री कुरकुरायचा, "एक दिवस कुणा म्हाताऱ्याच्या टाळक्यात बसेल."

हाच हुर्शित विमानं ठेवायच्या शेडच्या छपरावरची करकोच्यांची घरटी काढू देत नसे. वरिष्ठांनी सांगून पाहिलं. हा म्हणे, "हाजी आहेत ते, मक्केहून आलेत. हाजीला घराबाहेर काढायचं?" घरटी तिथेच राहिली. नुसरेतनेही त्यांना हात लावला नाही.

रेमझीच्या त्या शेवटच्या उड्डाणात नुसरेतचा दांडा खाली गेला. रेमझीने एकट्याने विमान सुरेख वळवलं, मैदानाकडे आणलं. तेवढ्यात छपरावरून एक करकोचा उठला आणि थेट मागच्या आसनाच्या काचेवर आदळला. काच, चष्मा, सगळं रेमझीच्या डोळ्यांत गेलं.

ज्याला दिसत होतं त्याच्याकडे दांडा नव्हता. ज्याच्याकडे दांडा होता त्याला दिसत नव्हतं. मध्ये मी.

नुसरेतने मान वळवून एकदा मागे बघितलं. इंजिन आणि पायांखालचं सुकाणू तेवढं त्याच्या ताब्यात होतं. त्याने माझं तोंड ओठांशी घेतलं. मी शिव्यांची वाट बघत होते.

"रेमझी, पोरा, मी बघतोय. तू फक्त ऐक. दांडा जरा पोटाशी घे. जरा. हां, असाच."

एवढा हळू आवाज त्याच्यापाशी आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

मागे रेमझी ओरडत होता, "ऐकतोय साहेब, ऐकतोय." वारा ते तिथल्या तिथे उचलून नेत होता. पुढच्याला एवढंच कळत होतं की सांगितलेलं होतंय.

"थोडं डावीकडे. घाई नाही. खाली चहा ठेवलाय आपल्यासाठी." झाडांची रांग ओलांडली. "आता पोटाशी घे, धरून ठेव, सोडू नको."

रेमझीने सोडलं नाही. पण मैदानाच्या कडेचा पाट आडवा आला. नाक मातीत रुतलं आणि इंजिन मागे सरकलं, पुढच्या आसनात.

रेमझी वाचला, डोळे गेले. नुसरेतला दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर पुरलं. हुर्शितने घरटी काढली नाहीत, पण छपराकडे बघणं सोडलं. मोडक्यातून मला त्याने सोडवलं आणि रेमझीच्या हातात ठेवलं.

आता मी सिवासजवळच्या त्या गाडीवानाच्या घरात खिळ्याला टांगलेली असते. रबर तडकलंय. रेमझी कधी कधी मला चाचपतो. पाहुण्यांना वाटतं, हा कानाला लावणार. तो नरसाळं शोधतो, साहेबाचं टोक. ते ओठांशी धरतो आणि म्हणतो, "ऐकतोय, साहेब."

मी ते पुढे नेते. माझी दोन्ही टोकं भिंतीशी लोंबत असतात, तिथपर्यंत.

घरातली माणसं म्हणतात, हे जुनं रबर आता टाकून द्यावं. त्यांना एवढं सांगा, तो आहे तोवर मला खिळ्यावर राहू द्या.